कोठारातला मका आणि जेम्सटाउनची तटबंदी

१/
इ.स. १६०९, हिवाळ्याचे तोंड. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॅन्समंड नदीच्या परिसरात काही इंग्रज शिपाई मृतावस्थेत आढळले. त्यांच्या तोंडांत भाकरीचे तुकडे कोंबलेले होते. जॉर्ज पर्सी या त्यांच्याच अधिकाऱ्याने ही नोंद केली आहे आणि तिचा अर्थही त्यानेच लावला आहे: भाकरी मागत आमच्या दारी याल, तर वाट्याला हेच येईल.

२/
आजचा धागा त्या भाकरीविषयी आहे. व्हर्जिनियातील पहिल्या टिकून राहिलेल्या इंग्रज वसाहतीची कथा बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते. एक, साहसी दर्यावर्दी आणि रानटी टोळ्या यांची. दुसरी, पोकाहोंटास नावाच्या मुलीच्या प्रेमाची. माझ्या मते दोन्ही कथा मूळ भांडण झाकतात. ते भांडण आधी धान्याचे होते. तंबाखू आला आणि ते जमिनीचे झाले.

३/
आधी तेथे कोण राहत होते, ते पाहू. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी 'त्सेनाकोमाका' नावाचा प्रदेश होता. सुमारे तीस जमाती, आणि अभ्यासकांच्या अंदाजानुसार चौदा-पंधरा हजारांच्या आसपास लोकसंख्या. या सर्वांचा अधिपती वाहुनसेनाकाव. इंग्रजांनी त्याला त्याच्या गावाच्या नावावरून 'पोहाटन' म्हटले, आणि पुढे त्याच्या प्रजेलाही तेच नाव चिकटले.

४/
हे लोक शेतकरी होते. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात एकत्र लावत. शेती स्त्रियांच्या हाती, शिकार आणि मासेमारी पुरुषांच्या. इंग्रजांनी शिकारीला जाणारे पुरुष पाहिले आणि ठरवले की हे आळशी आहेत. कारण त्यांच्या देशात शिकार हा सरदारांचा विरंगुळा होता. नांगर नाही, कुंपण नाही, म्हणजे मालकीही नाही, हा निष्कर्ष त्या पाठोपाठ आला.

५/
आपण पावसाळ्यात भाजून खातो तो मका मूळचा अमेरिकेचाच. पण त्सेनाकोमाकात तो वर्षभर पुरत नसे. हिवाळ्याअखेर कोठारे रिकामी होत आणि नवे पीक हाती येईपर्यंत लोक मासे, शिकार आणि पाणथळीतील कंद यांवर दिवस काढत. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. परका मनुष्य धान्य मागतो, तेव्हा तो नेमके कोणाच्या ताटातले मागतो, हे त्यावरून कळते.

६/
धान्याला राजकीय अर्थही होता. अंकित जमाती वाहुनसेनाकावला मका, कातडी आणि तांबे खंडणीदाखल देत. तो ते साठवी, वाटी, पाहुण्यांपुढे मांडी. कोठार भरलेले असणे म्हणजे सत्ता असणे, आणि अन्न देणे म्हणजे घेणाऱ्याला आपल्या छत्राखाली आणणे. आपल्याकडील 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार ज्याला कळतो, त्याला हा व्यवहार समजायला अवघड नाही.

७/
आता दुसरा पक्ष. एप्रिल १६०६ मध्ये राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. ही भागधारकांची कंपनी होती. तिची सूत्रे पुढे ज्या थॉमस स्माइदच्या हाती गेली, तोच १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. लंडनच्या एकाच व्यापारी वर्तुळातून एक हात सुरतेकडे निघाला आणि दुसरा जेम्स नदीकडे. या योगायोगाकडे शेवटी परत येऊ.

८/
कंपनीने पहिल्या तुकडीला लेखी सूचना दिल्या होत्या. त्यांतील एक मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटते. आशय असा: पहिल्या वर्षी आपले बियाणे उगवेल याची शाश्वती नाही, म्हणून स्थानिकांकडून मका व्यापाराने मिळवून ठेवा; आणि आपण येथे कायमचे राहायला आलो आहोत हे त्यांच्या ध्यानात येण्यापूर्वीच मिळवा.

९/
ही सूचना दोनदा वाचावी. यजमानाचे धान्य लागणार हे लंडनमध्ये बसलेल्यांना ठाऊक होते. हेतू कळल्यावर यजमान ते देणार नाही, हेही ठाऊक होते. पुढे जे घडले त्याला 'गैरसमज' म्हणण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. गैरसमज निर्माण करणे आणि तो काही काळ टिकवणे, हा मूळ योजनेचाच भाग होता.

१०/
एप्रिल १६०७ मध्ये तीन जहाजे चेसापीकमध्ये शिरली. सुमारे १०४ पुरुष आणि मुलगे मे महिन्यात एका दलदलीच्या द्वीपकल्पावर उतरले आणि त्यांनी तटबंदी उभारली. जागा निवडली ती स्पॅनिश जहाजांपासून बचाव व्हावा म्हणून. पिण्याचे पाणी मचूळ होते. भूमी पास्पाहेग जमातीची होती. जानेवारी १६०८ मध्ये पुढची रसद पोचली, तेव्हा जेमतेम ३८ जण जिवंत होते.

११/
आता निसर्गाची साक्ष. १९९८ मध्ये वैज्ञानिकांनी त्या परिसरातील प्राचीन सायप्रस वृक्षांची वाढवलये तपासली. निष्कर्ष असा की १६०६ ते १६१२ हा काळ त्या प्रदेशाच्या सुमारे पावणेआठशे वर्षांतील सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता. इंग्रज ज्यांच्याकडे धान्य मागत होते, त्यांची कोठारेच अवर्षणाने खंगलेली होती.

१२/
मग इंग्रजांनी स्वतः का पिकवले नाही? आलेल्यांत 'जेंटलमन' म्हणवणाऱ्यांचा भरणा मोठा होता. कंपनीला सोने हवे होते, पूर्वेकडचा जलमार्ग हवा होता. आजार आणि भूक यांनी उरलेल्यांचे त्राण हरपले होते. पण मुख्य कारण हे की वसाहतीचा हिशेबच 'अन्न दुसऱ्याने पिकवायचे' या गृहीतकावर मांडलेला होता. हिशेब फसला की उणे रक्कम कोणाच्या नावावर टाकायची, एवढाच प्रश्न उरला.

१३/
वाहुनसेनाकावने या परक्यांना आरंभीच संपवले नाही, हे विसरता कामा नये. डिसेंबर १६०७ मध्ये त्याच्या माणसांनी कॅप्टन जॉन स्मिथला पकडले आणि काही आठवड्यांनी सोडून दिले. पोकाहोंटासने स्मिथचे प्राण वाचवल्याची सुप्रसिद्ध कथा याच प्रसंगाची. स्मिथच्या १६०८ सालच्या वृत्तांतात ती नाही. १६२४ च्या ग्रंथात ती सविस्तर अवतरते. तेव्हा पोकाहोंटास हयात नव्हती.

१४/
प्रसंगाच्या वेळी ती सुमारे अकरा वर्षांची होती. तेथे जे काही झाले, ते कित्येक अभ्यासक दत्तकविधीसारखे मानतात: परक्याला अंकित सरदार करून घेण्याचा सोहळा. मला हे पटते. वाहुनसेनाकावच्या दृष्टीने जेम्सटाउन ही त्याच्या राज्यातील आणखी एक जमात होती. ती तांबे आणि हत्यारे देईल, तो मका देईल.

१५/
१६०८ च्या शरदात इंग्रजांनी उलटा डाव टाकला. कॅप्टन न्यूपोर्ट लंडनहून तांब्याचा मुकुट, तांबडा झगा आणि पलंग घेऊन आला. वाहुनसेनाकावला जेम्सच्या वतीने राज्याभिषेक करायचा, म्हणजे तो आपोआप मांडलिक ठरेल. त्याने जेम्सटाउनला जायला नकार दिला. मीही राजा आहे, भूमी माझी आहे, भेटी येथे आणा, असा त्याच्या उत्तराचा आशय.

१६/
अखेर समारंभ त्याच्याच राजधानीत, वेरोवोकोमोको येथे झाला. मुकुट घेण्यासाठी तो गुडघे टेकेना. खांद्यावर दाब देऊन त्याला किंचित वाकवावे लागले, असे इंग्रज वृत्तांत सांगतो. परतभेट म्हणून त्याने आपली जुनी पादत्राणे आणि कातड्याचा झगा दिला. खंडणी कोण कोणाला देतो, हा प्रश्न त्या दिवशी अनिर्णित राहिला. पुढची अडतीस वर्षे त्याच प्रश्नाचे उत्तर रक्ताने लिहिले गेले.

१७/
व्यापारही फसू लागला होता. आरंभी तांब्याच्या लहानशा पत्र्याला भरपूर मका मिळे. मग जहाजांवरील खलाशी रात्री चोरून तांबे विकू लागले. तांब्याचे मोल उतरले, मक्याचे चढले. वाहुनसेनाकाव आता तलवारी आणि बंदुका मागू लागला. त्यातच दुष्काळ. देण्याजोगे धान्य कमी, घ्यायला आलेली तोंडे अधिक.

१८/
जानेवारी १६०९. पामंकी येथे स्मिथने वाहुनसेनाकावचा नातलग आणि पराक्रमी सरदार ओपेचांकनो याची शेंडी धरली, छातीवर पिस्तूल रोखले आणि त्याच्याच लोकांसमोर मका वसूल केला. हा प्रसंग स्मिथने स्वतः अभिमानाने लिहून ठेवला आहे. ओपेचांकनोने तो कोठे लिहिला नाही. पण तो विसरला असेल, असे मानायला जागा नाही.

१९/
याच मोहिमेत वाहुनसेनाकावने केलेले भाषण स्मिथने नोंदवले आहे. शब्द स्मिथचे, म्हणून ते जपूनच वाचावे. तर्क मात्र लखलखीत आहे: जे प्रेमाने मिळते ते बळाने का घेता? आम्हाला मारलेत तर तुम्हाला खाऊ कोण घालणार? आम्ही कोठारे लपवून रानात निघून जाऊ शकतो. या प्रश्नाला जेम्सटाउनकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी ते भोवले.

२०/
१६०९ च्या उन्हाळ्यात काही शे नवे लोक आले. मुख्य रसद असलेले जहाज मात्र वादळात बर्म्युडाला अडकले. जखमी स्मिथ इंग्लंडला परतला. वाहुनसेनाकावने व्यापार तोडला आणि तटबंदीला वेढा घातला. मका देतो म्हणून बोलावलेला कॅप्टन रॅटक्लिफ हालहाल करून मारला गेला. क्रौर्य एकाच बाजूला होते, असे माझे म्हणणे नाही.

२१/
तो हिवाळा 'उपासमारीचा काळ' म्हणून ओळखला जातो. घोडे, कुत्री, उंदीर, बुटांचे चामडे, आणि शेवटी माणसे. २०१२ च्या उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. तिच्यावर मांस काढल्याच्या खुणा होत्या. मे १६१० मध्ये बर्म्युडाचे लोक पोचले, तेव्हा तटाआड सुमारे ६० जण उरले होते.

२२/
जून १६१० मध्ये इंग्रजांनी जेम्सटाउन सोडले. खरोखर सोडले, जहाजे नदीतून खाली निघालीही. वाटेत नवा गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर रसद घेऊन येत असल्याची वर्दी मिळाली आणि सारे माघारी फिरले. भाकरी न देता युद्ध जिंकण्याची वाहुनसेनाकावची नीती थोडक्यासाठी फसली.

२३/
ऑगस्ट १६१०. पर्सीने पास्पाहेगांच्या गावावर हल्ला केला. पंधरा-सोळा माणसे मारली, घरे जाळली, उभा मका कापला. सरदाराची पत्नी आणि मुले पकडली. मुलांना नदीत फेकून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे त्या स्त्रीलाही ठार केले. हेही पर्सीच्याच लेखणीतून. हल्ल्याच्या यादीत माणसांबरोबर पिकाचे नाव आहे, हे ध्यानात घ्यावे.

२४/
१६११ मध्ये सर थॉमस डेल आला. त्याच्या काळातील लष्करी कायद्यानुसार अन्नचोरीला मृत्युदंड होता. तरीही लोक पळत, आणि पळून कोठे जात? पोहाटनांकडे. पकडलेल्यांना फाशी दिले, जाळले, चक्रावर मोडले, असे पर्सी सांगतो. सामान्य इंग्रज मजुराने 'सुसंस्कृत' आणि 'रानटी' यांतून पोटाने निवड केली होती. ही निवडच सर्वांत मोठा गुन्हा ठरली.

२५/
१६१३ मध्ये कॅप्टन आर्गलने पोकाहोंटासला फसवून जहाजावर नेले आणि ओलीस ठेवले. मागणी काय? इंग्रज कैदी, हत्यारे आणि मका. बंदिवासातच तिचे धर्मांतर झाले. १६१४ मध्ये जॉन रॉल्फशी विवाह, १६१६ मध्ये लंडनची वारी, १६१७ मध्ये ग्रेव्हसेंड येथे मृत्यू. ज्या कथेला आपण प्रेमकथा म्हणतो, तिच्या पहिल्या प्रकरणात अपहरण आहे आणि खंडणीच्या यादीत धान्य आहे.

२६/
विवाहाने शांतता आली, हे खरे. पण वराच्या हातात तंबाखू होता. रॉल्फने सुमारे १६१२ पासून कॅरिबियन बियाण्याचा तंबाखू लावून पाहिला. १६१७ मध्ये सुमारे २० हजार पौंड माल इंग्लंडला गेला. कंपनीला सोने मिळाले नव्हते. आता पान मिळाले. आणि तंबाखू काही वर्षांतच जमिनीचा कस ओढून घेतो, म्हणून सतत नवी जमीन लागते.

२७/
१६१८ च्या सुधारणांनी भुकेला कायद्याचे रूप दिले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्रवासखर्चाची सोय करणाऱ्याला माणशी ५० एकर. ऑगस्ट १६१९ मध्ये वीसहून काही अधिक आफ्रिकी बंदी जहाजातून उतरवून अन्नाच्या मोबदल्यात विकले गेले. त्याच उन्हाळ्यात जेम्सटाउनला पहिली प्रतिनिधिसभा भरली होती. लोकशाहीची जन्मकथा सांगताना ही दोन्ही पाने एकत्र वाचली पाहिजेत.

२८/
नवी जमीन म्हणजे कोणती? घनदाट रान तोडणे कष्टाचे. नदीकाठी मात्र स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या साफ केलेले, कसलेले वाफे होते. तंबाखूला तेच हवे होते, आणि माल जहाजात चढवायला काठही. मका मागणारा पाहुणा आता मका पिकवणारे शेतच मागू लागला. भांडणाचे स्वरूप येथे पालटले. मक्यावर तडजोड शक्य होती. शेतावर ती अवघड होती.

२९/
१६१८ मध्ये वाहुनसेनाकाव वारला. सूत्रे ओपेचांकनोकडे आली. इंग्रजांनी स्थानिक मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी महाविद्यालय योजले, त्यासाठी दहा हजार एकर जमीन राखली. जॉर्ज थॉर्प नावाचा सज्जन त्या कामी आला. ओपेचांकनोसाठी त्याने इंग्रजी धाटणीचे घर बांधवले. थॉर्पचा सद्‌भाव खोटा नव्हता. पण त्याच्या सद्‌भावाचा पायाही दुसऱ्याच्या जमिनीवर होता.

३०/
२२ मार्च १६२२ ची सकाळ. पोहाटन लोक निःशस्त्र, नेहमीप्रमाणे हरणाचे मांस, मासे, टर्की घेऊन इंग्रजांच्या घरी आले. काही न्याहारीला बसले. मग तेथलीच हत्यारे आणि अवजारे उचलली गेली. ३४७ इंग्रज मारले गेले. वसाहतीची सुमारे चतुर्थांश लोकसंख्या. थॉर्पही त्यांत होता. स्त्रिया आणि मुलेही. एका स्थानिक तरुणाने आधी सूचना दिल्याने जेम्सटाउन वाचले.

३१/
या दिवसाला इंग्रजी इतिहासात शतकानुशतके 'हत्याकांड' म्हटले गेले. शब्द चुकीचा नाही. पण १६१० मध्ये पास्पाहेग मुलांना नदीत फेकले, त्याला 'मोहीम' म्हणायचे आणि याला 'हत्याकांड', हा न्याय कसला? १८५७ ला 'बंड' म्हणावे की 'स्वातंत्र्यसमर', हा वाद महाराष्ट्राने लढवला आहे. नाव कोण ठेवतो यावर अर्धा इतिहास ठरतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

३२/
त्याच वर्षी कंपनीच्या एडवर्ड वॉटरहाउसने लंडनमध्ये पुस्तिका छापली. शोकाच्या पाठोपाठ तो नफा मोजतो. आशय: आजवर आमचे हात सौजन्याने बांधलेले होते, आता युद्धाच्या हक्काने त्यांची साफ केलेली, सुपीक गावठाणे आम्ही घेऊ, रान तोडण्याचे कष्ट वाचतील. माझ्या मुद्द्याला याहून स्पष्ट कबुलीजबाब मिळणे कठीण.

३३/
पुढची दहा वर्षे युद्ध पिकावर लढले गेले. इंग्रजांनी तह सुचवायचा, पोहाटनांना पेरू द्यायचे, कणसे भरत आली की येऊन कापायची; म्हणजे पुन्हा पेरायला हंगाम उरत नाही. मे १६२३ मध्ये तहाच्या बोलणीत विषारी मद्य पाजले गेले. समकालीन पत्रानुसार सुमारे दोनशे बळी. जेवणाचा विश्वास दोन्ही बाजूंनी एकेकदा मोडला होता. तो पुन्हा जोडला गेला नाही.

३४/
इंग्रज सामान्यांच्या वाट्यालाही सुख नव्हते. १६०७ ते १६२४ या काळात सहा हजारांहून अधिक लोक व्हर्जिनियात आले. १६२५ च्या शिरगणतीत जेमतेम बाराशेच्या आसपास उरले होते. १६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द केली. भागधारक बुडाले, मजूर मेले, पण तंबाखूचे मळे वाढत राहिले. व्यवस्था टिकायला तिच्यातील माणसे टिकावी लागत नाहीत.

३५/
१६४४ मध्ये वृद्ध ओपेचांकनोने अखेरचा मोठा हल्ला केला. चारशेहून अधिक इंग्रज मारले गेले. पण आता वसाहत हजारोंची होती. १६४६ मध्ये तो पकडला गेला आणि जेम्सटाउनला कैदेत असताना एका शिपायाने त्याला पाठीत गोळी घातली. त्याच वर्षीच्या तहाने दोन नद्यांमधला मुलूख इंग्रजांचा झाला. वारसाने दरवर्षी बीव्हरची वीस कातडी खंडणी द्यायची. १६०८ मधील प्रश्न निकाली निघाला.

३६/
यावर एक आक्षेप नेहमी येतो: त्या काळाला त्या काळाच्या मापाने मोजावे. मान्य. पण त्या काळाचे माप कोणाचे? वाहुनसेनाकाव त्याच काळाचा होता. बळाने का घेता, हे त्याने विचारले होते. जेम्सटाउनमधून पळालेले मजूरही त्याच काळाचे. 'त्या काळाचे मूल्य' म्हणताना आपण जिंकलेल्यांचेच मूल्य हाती घेतो आणि त्याला काळाचे नाव देतो.

३७/
दुसरा आक्षेप: हे अटळ होते. रोगराई आणि युरोपची माणसे, या दोन गोष्टींपुढे त्सेनाकोमाका टिकणार नव्हते. असेलही. परंतु जून १६१० मध्ये जहाजे परत निघाली होती. अटळ गोष्टी अशा वाऱ्यावर आणि भेटीच्या वेळेवर अवलंबून नसतात. 'अटळ' हा शब्द इतिहासकाराला विश्रांती देतो आणि निर्णय घेणाऱ्यांना क्षमा.

३८/
आता तो योगायोग. जेम्सटाउनला पळपुट्यांना जाळणारा थॉमस डेल १६१६ मध्ये इंग्लंडला परतला, ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याचा प्रमुख झाला, जावाजवळ डचांशी लढला आणि १६१९ मध्ये मछलीपट्टणला वारला. तोच मनुष्य, तेच मालक. पण भारताच्या किनाऱ्यावर त्या काळी इंग्रज धान्य विकत घेत, परवाने मागत, वखारीपुरती जागा मिळवत.

३९/
फरक इंग्रजांच्या स्वभावात नव्हता. येथे प्रबळ सत्ता होत्या आणि कंपनीला कापड, नीळ, मिरी हवी होती. ती पिकवणारे आणि विणणारे हात जिवंत राहणे तिच्या फायद्याचे होते. व्हर्जिनियात हवी होती जमीन, आणि तीवरील माणूस ही अडचण होती. कोणाला काय हवे आहे हे पाहिले, की 'संस्कृतींचा संघर्ष' या भारदस्त शब्दाची गरज उरत नाही.

४०/
मराठीत आपण 'वसाहत' म्हणतो. वसणे या क्रियेशी नाते सांगणारा हा घरगुती शब्द. गिरणी कामगारांचीही वसाहत असते, सहकारी सोसायटीचीही. या शब्दात रिकाम्या माळावर घरे उभी राहतात. जेम्सटाउन माळावर उभे नव्हते. ते पास्पाहेगांच्या भूमीवर, त्सेनाकोमाकातील स्त्रियांच्या मक्यावर उभे होते. शब्द बदलावा, असा माझा आग्रह नाही. तो उच्चारताना आधीपासून वसलेले आठवावेत, एवढाच आहे.

४१/
पामंकी लोक आजही व्हर्जिनियात आहेत. अमेरिकेच्या संघ सरकारने त्यांना मान्यता देण्याचा निर्णय घेतला तो २०१५ मध्ये. दरवर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, पामंकी आणि मॅटापोनाय या जमातींचे लोक रिचमंडला जाऊन गव्हर्नरला हरीण अर्पण करतात. सतराव्या शतकातील तहांची ती खंडणी. पावणेचारशेहून अधिक वर्षे झाली. त्यांनी आपला शब्द मोडलेला नाही.

४२/
छायाचित्रांत गव्हर्नर हसतमुख असतात आणि हरीण पायऱ्यांपाशी ठेवलेले असते. पाहणाऱ्याला तो एक रंगीत सोहळा वाटतो. मला त्यात १६०८ चा तो न वाकणारा वृद्ध राजा दिसतो, आणि तटाआड भुकेने खंगलेली चौदा वर्षांची मुलगीही. दोघांचा घास एकाच कोठारात होता. तो वाटून खाण्याची वेळ येऊन गेली होती, इतके तरी आपण लिहून ठेवले पाहिजे.

धागा समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडावेत.